वॉलआय आणि कोकॅनीसाठी जिगिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिका-कॅनडातल्या तळ्यांवर गरवायला जाणाऱ्या मराठी मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बरेचजण कोकणात किंवा नदीकाठी लहानपणी गळ टाकलेले आहेत, पण जिगिंग त्यांना नवीन असतं. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात जातो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. जिगिंग म्हणजे नेमकं काय? गळ टाकून बसण्यापेक्षा ते वेगळं कसं?

जिग म्हणजे वजन आणि गळ एकाच तुकड्यात असलेलं आमिष. एका प्रकारात गळाच्या मानेवर शिशाचा किंवा टंगस्टनचा गोळा ओतलेला असतो. दुसऱ्यात माशाच्या आकाराची चकचकीत धातूची पट्टी असते आणि गळ तिला लटकवलेला असतो. हे पाण्यात सोडायचं, काठीच्या टोकाने उचलायचं आणि पुन्हा पडू द्यायचं. गळ टाकून बसलं की मासा आमिषाजवळ येण्याची वाट पाहावी लागते. ट्रोलिंगमध्ये चालत्या होडीमागे आमिष ओढत नेतात. जिगिंगमध्ये मासा कुठे आहे ते आधी शोधून आमिष त्याच्यासमोर हलवायचं असतं.

या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही: मासा बहुतेक वेळा जिग वर जाताना घेत नाही, पडताना घेतो. म्हणून उचलणं कितीही सुबक असलं तरी पडताना दोरी ताब्यात नसेल तर मासा आला आणि गेला हे कळतही नाही.

२. वॉलआय आणि कोकॅनी हे कोणते मासे? दोघांचा एकत्र विचार का?

वॉलआय हा पर्च कुळातला शिकारी मासा. अंगावर सोनेरी-हिरवट झाक, तोंडात सुळे आणि शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका. त्याचा चुलतभाऊ सॉगर दिसायला बराच तसाच असतो, पण त्याच्या शेपटीला हा पांढरा ठिपका नसतो. मिनेसोटाचा हा राज्यमासा आहे. कॅनडात बऱ्याच ठिकाणी त्याला पिकरेल म्हणतात आणि क्यूबेकात डोरे, त्यामुळे दुकानात वेगळं नाव ऐकलं तर गोंधळू नका. ईरी सरोवर, मिल लॅक्स, लेक ऑफ द वुड्स ही त्याची नावाजलेली पाणी.

कोकॅनी म्हणजे समुद्रात न जाता आयुष्यभर तळ्यात राहणारा सॉकाय साल्मन. जात तीच, पण आकार बराच लहान, बहुतेक २५ ते ४५ सेंटिमीटर. मोठ्यात मोठा नोंदलेला कोकॅनी ओरेगनच्या वॉलोवा तळ्यात २०१० साली मिळाला, सुमारे ४.४ किलोचा. वॉशिंग्टन, आयडाहो, ओरेगन, ब्रिटिश कोलंबिया, कोलोरॅडोचं ब्लू मेसा आणि युटा-वायोमिंगच्या सीमेवरचं फ्लेमिंग गॉर्ज ही त्याची पाणी.

एकत्र विचार करायचा कारण दोघेही जिगला उत्तम लागतात, पण स्वभाव उलटे. वॉलआय तळाशी असतो, एकटादुकटा किंवा लहान गटात, आणि माशांवर जगतो. कोकॅनी मधल्या पाण्यात दाट घोळका करून राहतो आणि प्लवक खातो. वजन, दोरी, हालचाल यातले पुढचे सगळे फरक यातूनच निघतात.

३. एकाच काठीवर दोन्ही होतील का? पहिल्यांदाच सामान घेतोय, खर्च कशावर करावा?

होतील. साडेसहा ते सात फुटांची, मीडियम-लाइट ताकदीची, टोक चटकन वाकणारी स्पिनिंग काठी घ्या. रीळ २५०० मापाचं. त्यावर ८ ते १० पौंडांचा ताण सोसणारी विणलेली दोरी आणि पुढे दीड-दोन मीटर फ्लुरोकार्बनचा (पाण्यात सहसा न दिसणाऱ्या दोरीचा) तुकडा. विणलेली दोरी ताणत नाही, म्हणून वीस मीटर खालचा टोचा (मासा आमिषाला तोंड लावतो तो धक्का) हाताला कळतो. साधा तंगूस ताणतो आणि खोल पाण्यात तो टोचा मधल्यामध्ये जिरवून टाकतो.

खर्च करायचाच असेल तर काठीवर करा, रिळावर नाही. जिगिंगमध्ये काठी हाच तुमचा कान. पुढे कोकॅनीचा नाद लागलाच तर त्याच्यासाठी जरा मऊ टोकाची दुसरी काठी घ्या. कारण प्रश्न १२ मध्ये आहे.

४. वॉलआयसाठी जिग किती वजनाचं?

जिगवर वजन औंसाच्या अपूर्णांकात लिहिलेलं असतं. १/८ औंस म्हणजे साधारण ३.५ ग्रॅम, १/४ म्हणजे ७ ग्रॅम, ३/८ म्हणजे १०.५ ग्रॅम. संथ पाण्यात दर तीन मीटर खोलीला १/८ औंस हा जुना ठोकताळा सुरुवातीला पुरतो. वारा असेल, होडी वाहत असेल तर एक पायरी वर जा.

खरी कसोटी हाताची: जिग तळाला टेकल्याचं स्पष्ट कळेल इतकं जड, आणि त्याहून जड नाही. हलकं जिग सावकाश पडतं आणि माशाला ते घ्यायला जास्त वेळ मिळतो. थंड पाण्यात हा फरक फार मोठा असतो.

५. जिग हलवायचं कसं? व्हिडिओत प्रत्येकजण वेगळं दाखवतो.

मुळाक्षर एकच आहे. जिग तळाला टेकू द्या. काठीचं टोक १५ ते ३० सेंटिमीटर उचला. मग टोक जिगच्या पडण्याच्याच वेगाने खाली आणा. पतंगाला ढील देताना मांजा सुटाही नसतो आणि ताणलेलाही नसतो, तशी दोरी हवी. पूर्ण सैल सोडली तर टोचा कळत नाही. घट्ट धरून खाली आणली तर जिग मेल्यासारखं लटकत उतरतं आणि मासा नुसतं बघतो.

टेकलं की थांबा. दोन सेकंद, पाच सेकंद, गार पाण्यात दहाही. नवखा माणूस इथेच घाई करतो. बऱ्याचदा मासा जिगच्या मागे खाली येतो आणि ते तळाशी निपचित पडलं की उचलतो. तेव्हा 'टक' असा टोचा येत नाही, पुढच्या वेळी काठी उचलताना नुसतं जड लागतं. जड लागलं की मासाच समजा आणि मनगटाने ओढा. शेवाळ निघालं तर निघालं.

याचेच पुढचे प्रकार. तळावरून जिग नुसतं फरफटत न्यायचं, गाळात छोटे ढग उठवत. पाणी गार आणि मासा सुस्त असताना हे उत्तम. उलट उन्हाळ्यात, पाणी १८-२० अंशांच्या पुढे गेलं की झटका देऊन जिग अर्धा-पाऊण मीटर उडवायचं आणि सैल दोरीवर पडू द्यायचं. अशा वेळी वॉलआय भूक नसतानाही केवळ चिडून झडप घालतो. एकाच जागी हळू आणि जोरात दोन्ही करून बघा. त्या दिवशीचं उत्तर मासाच देतो.

६. जिगच्या गळाला काय लावावं? जिवंत मासळी सगळीकडे चालते का?

मिनेसोटाच्या बाजूला वसंतात छोटी जिवंत मासळी (शायनर, फॅटहेड), पाणी तापल्यावर जळू आणि उन्हाळ्यात गांडूळ हा रुळलेला क्रम आहे. मासळी लावताना गळ तोंडातून घालून कल्ल्यातून काढा आणि पाठीत अडकवा, म्हणजे ती जिगच्या मानेला चिकटून सरळ राहते. जळू चोषकाच्या, म्हणजे रुंद टोकाकडून टोचा. गांडूळ अर्धंच पुरतं.

पण पश्चिमेकडे नियम वेगळे. वॉशिंग्टन, आयडाहो, युटा या राज्यांत जिवंत मासा आमिष म्हणून वापरता येत नाही, कारण परके मासे आणि रोग असेच एका तळ्यातून दुसऱ्यात जातात. तिथे गांडूळ किंवा रबरी शेपटीचं आमिष वापरा. सात-आठ सेंटिमीटरची वळणदार शेपूट किंवा पसरट शेपूट, गढूळ पाण्यात पोपटी किंवा नारिंगी, स्वच्छ पाण्यात पांढरी वा चंदेरी. रबराला लांब दांड्याचा गळ हवा, जिवंत आमिषाला आखूड.

७. ब्लेड बेट आणि जिगिंग रॅप कधी वापरायचे?

दोन्ही घाईच्या कामाचे. ब्लेड बेट ही धातूची पातळ पट्टी, उचलली की थरथरते आणि ती थरथर काठीत जाणवते. थरथर जाणवेल एवढंच उचलायचं, जास्त नाही. ईरी सरोवराच्या पश्चिम भागातल्या खडकाळ उंचवट्यांवर मार्च-एप्रिलमध्ये, वॉलआय अंडी घालायला जमतो तेव्हा, हे फार चालतं. रापाला कंपनीचं जिगिंग रॅप मुळात बर्फाखालच्या मासेमारीत गाजलं. झटका दिला की ते एका बाजूला सरकतं आणि वळसा घेत परत येतं. फिश फाइंडरवर (पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या पडद्यावर) मासे दिसतायत पण गांडुळाकडे बघत नाहीत, तेव्हा हे काढा.

८. दिवसभर बसलो, एकही टोचा नाही. संध्याकाळी शेजारच्या होडीने भराभर काढले. असं का?

वॉलआयच्या डोळ्यात मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो. रात्री मांजराचे डोळे चमकतात ते अशाच थरामुळे. अंधुक उजेडात त्याला भक्ष्यापेक्षा चांगलं दिसतं, म्हणून तो पहाटे, संध्याकाळी आणि रात्री शिकारीला उथळ पाण्यात येतो. भर उन्हात, स्वच्छ पाण्यात तो खोल जातो किंवा वनस्पतींच्या सावलीत बसतो.

पण दुपार वाया गेली असं नाही. ढग असतील, पाणी गढूळ असेल किंवा वाऱ्याने हलक्या लाटा उठल्या असतील तर उजेड कमी शिरतो आणि मासा दिवसाही खातो. वारा ज्या किनाऱ्यावर आदळतोय तिकडे जा. बहुतेक लोक वाऱ्यापासून आडोसा शोधतात आणि मासे दुसऱ्या काठाला असतात.

९. नदीत जिग तळाला टिकतच नाही, वाहून जातं. काय करू?

आधी होडीचा वेग प्रवाहाशी जुळवा, मग वजनाचा विचार करा. डेट्रॉइट नदीत वसंतात सगळ्या होड्या प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि इलेक्ट्रिक मोटरच्या छोट्या छोट्या दट्ट्यांनी दोरी उभी ठेवतात. दोरी उभी असेल तर जिग तळाशी राहतं. ती तिरकी झाली की मोटर दोरी जाते त्या दिशेला मारा. तिथे १८-२० ग्रॅमची जिगं सर्रास लागतात, तळ्यातल्या ७ ग्रॅमने काम होत नाही. नांगर टाकून थांबायचं असेल तर प्रवाह मंदावतो अशा जागी: पुलाच्या खांबामागे, वळणाच्या आतल्या बाजूला, धरणाखालच्या भोवऱ्याच्या कडेला.

१०. टोचा येतो, गांडूळ अर्धं गायब, पण मासा लागत नाही.

तीन शक्यता. लहान पर्च गांडूळ कुरतडतायत, मग जागा बदला. किंवा वॉलआय शेपटीच धरतोय, मग आमिष आखूड करा किंवा मागे एक छोटा जादा गळ बांधा. तिसरी शक्यता सगळ्यात जास्त वेळा खरी असते: पडताना दोरी फार घट्ट आहे. मासा तोंड उघडून पाणी आत ओढतो, त्याबरोबर जिग आत यायला थोडी ढील लागते. प्रश्न ५ पुन्हा वाचा.

११. कोकॅनी तर प्लवक खातो. मग धातूच्या तुकड्याला का लागतो? आणि तो सापडतो कसा?

कोकॅनीच्या कल्ल्यांत बारीक दातेरी चाळणी असते आणि तो डॅफ्नियासारखे सूक्ष्म जीव गाळून खातो. त्या मानाने तीस-चाळीस ग्रॅमची धातूची पट्टी म्हणजे अजस्र वस्तू. ती तो भुकेने घेत नाही. घोळक्यात घुसलेल्या परक्यावर तो चिडतो. अंडी घालायचा काळ जवळ येतो तसा हा राग वाढतो आणि घोळकेही दाट होतात. म्हणूनच उन्हाळ्याच्या सुरुवातीला ट्रोलिंग सरस आणि जुलैअखेरपासून जिगिंग सरस.

तो १० ते १३ अंश सेल्सिअसचं पाणी शोधतो. मे महिन्यात हे वरच्या पाच-सात मीटरमध्ये मिळतं, ऑगस्टमध्ये वीस-तीस मीटर खाली. फिश फाइंडरशिवाय इथे काम होत नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. घोळका दिसला की होडी बरोबर त्याच्यावर थांबवा. जिग सरळ खाली सोडलं तर तेही पडद्यावर रेघेसारखं उतरताना दिसतं. ते घोळक्याच्या किंचित वर थांबवा, खाली नाही. ठरावीक अंतराला रंग बदलणारी दोरी असेल तर तीच खोली पुन्हा गाठता येते.

हालचाल: ३०-४० सेंटिमीटर चटकन उचला आणि सोडा, पट्टीला फडफडत पडू द्या. वॉलआयसारखं तळाशी थांबायचं नाही. मधल्या पाण्यात जिग स्थिर झालं की कोकॅनीचा राग ओसरतो. पडताना दोरी मध्येच थांबली किंवा अचानक सैल पडली तर मासा लागलाय. बझ बॉम्ब, क्रिपल्ड हेरिंग, गिब्ज मिनो ही जुनी, पारखलेली जिगं. गुलाबी, नारिंगी किंवा अंधारात चमकणारा रंग. गळाला मक्याचा एक पांढरा दाणा, ट्यूनाच्या तेलात भिजवलेला, हा पश्चिमेकडचा जुना रिवाज आहे आणि फरक पडतो. फक्त काही राज्यांत आणि काही तळ्यांत मक्यावर बंधन असतं, ते आधी बघा.

१२. कोकॅनी होडीपर्यंत येतो आणि सुटतो. दर वेळी!

त्याचं तोंड कागदाइतकं नाजूक असतं आणि तो होडी दिसताच गरगर फिरतो. चार गोष्टी करा. मऊ टोकाची काठी. ड्रॅग (रिळावरचा दोरी अडवणारा ब्रेक) इतका सैल की हाताने दोरी सहज ओढली जाईल. जिगवरचा तिहेरी गळ काढून एकेरी, जरा मोठ्या तोंडाचा. आणि जाळं आधीच पाण्यात धरून मासा त्यावर आणायचा, पाण्याबाहेर उचलायचा नाही. लागल्यावर जोरात ओढू नका, नुसता ताण ठेवा.

१३. सप्टेंबरात लाल झालेला कोकॅनी मिळाला. खायला चालतो का?

विषारी नाही, पण चवीला गेलेला असतो. कोकॅनी साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी अंडी घालतो आणि मरतो. अंग लाल, डोकं हिरवं आणि नराचा जबडा वाकडा होईपर्यंत त्याने स्नायूंतली चरबी त्या कामाला लावलेली असते. मांस फिकट आणि भुसभुशीत होतं. काही पाण्यांत या काळात कोकॅनी ठेवायला बंदीही असते. माझं मत: तो राहू द्या, पुढच्या पिढीचं काम करतोय.

चंदेरी असतानाचा कोकॅनी मात्र उत्कृष्ट. मांस लाल आणि तेलकट, म्हणून फक्त मीठ, हळद, लिंबू लावून भाजा किंवा धुरी द्या. होडीवरच रक्त काढून बर्फात ठेवा, नाहीतर दोन तासांत मऊ पडतो. वॉलआयचं मांस पांढरं, घट्ट आणि वास नसलेलं. तिखट, मीठ, आलं-लसूण, कोकमाचं आगळ लावून रव्यात घोळवून तळला की घरातली मासे न खाणारी मुलंही खातात.

१४. खोलातला मासा सोडून दिला तर जगतो का?

इथे दोन मासे अगदी उलट आहेत आणि चांगल्या हेतूने सोडलेले कितीतरी मासे यामुळेच मरतात, म्हणून सविस्तर सांगतो.

वॉलआयची हवेची पिशवी बंद असते, घशाशी जोडलेली नसते. नऊ-दहा मीटरच्या खालून भराभर वर आणला की दाब कमी होऊन पिशवी फुगते, कधी पोट तोंडातून बाहेर येतं, डोळे बाहेर येतात. असा मासा पोहत खाली गेलेला दिसला तरी मागाहून मरू शकतो. म्हणून खोल पाण्यात 'पकडा आणि सोडा' हा खेळ खेळू नका. ठेवायचे तेवढे मिळाले की थांबा किंवा उथळ पाण्यात जा. लांबीच्या नियमामुळे मासा सोडणं भागच असेल अशा तळ्यात मुळातच खोल गरवू नये. सुई टोचून हवा काढायचा उपाय नवख्या हाताने करू नका, आतले अवयव फाटतात.

कोकॅनीची पिशवी घशाशी नळीने जोडलेली असते आणि तो हवा बाहेर टाकू शकतो. त्याला दाबाचा नाही, उन्हाळ्यातल्या वरच्या गरम पाण्याचा धोका. दहा अंशांतून वीस अंशांत आलेला, खवले निघालेला कोकॅनी क्वचितच तगतो. सोडायचाच तर हात न लावता, पाण्यातच चिमट्याने गळ काढा.

१५. शिशाची जिगं चालतात का?

बऱ्याच ठिकाणी चालतात, काही ठिकाणी अजिबात नाहीत. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत ५० ग्रॅमपेक्षा हलकी शिशाची वजनं आणि जिगं वापरता येत नाहीत. न्यू हॅम्पशरमध्ये एक औंसापर्यंतच्या जिगांना बंदी आहे. कारण लून हा पाणपक्षी: तो तळातले खडे गिळतो, त्यात एक छोटं जिग गेलं तरी शिशाच्या विषाने मरतो. टंगस्टन महाग पडतं, पण जास्त घन असल्याने त्याच वजनाचं जिग लहान असतं आणि तळ जास्त स्पष्ट कळवतं. बंदी नसली तरी मी तेच घ्यायला सांगेन.

१६. एकाच तळ्यात वॉलआय आणि कोकॅनी दोन्ही असतील तर?

वॉशिंग्टनमधल्या ग्रँड कूली धरणामागचं रूझवेल्ट सरोवर असंच आहे. पहाटे काठालगतच्या उतारावर तळाशी वॉलआय, मग ऊन वर आलं की धरणाकडच्या खोल पाण्यात कोकॅनी, असा दिवस जमवता येतो. वजन आणि काठी दोन्ही बदलावे लागतात, हे लक्षात ठेवा.

मोठा प्रश्न नियमांचा आहे. वॉलआय पश्चिमेकडचा मूळ रहिवासी नाही आणि तो साल्मनची पिल्लं खातो. त्यामुळे वॉशिंग्टनमध्ये कोलंबिया नदीच्या बऱ्याच भागात वॉलआयवर संख्येची मर्यादाच नाही, आणि आयडाहोच्या पेंड ओरेल तळ्यात खूण लावलेला वॉलआय पकडून दिल्यास बक्षीस मिळतं. तोच मासा मिनेसोटातल्या मिल लॅक्सवर कडक मर्यादेत आहे. तिथे राज्यासोबत ओजिब्वे या मूळनिवासी लोकांचाही १८३७ च्या तहाने मिळालेला हक्क आहे, जो सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये मान्य केला. 'वॉलआय किती ठेवायचे' याला एक उत्तर नाही. त्या पाण्याचं त्या वर्षाचं नियमपत्रक हेच उत्तर. कोकॅनीतही काही ठिकाणी हॅचरीतला (मत्स्यबीज केंद्रात वाढवून सोडलेला) मासा आणि जंगली मासा वेगळे मोजतात. हॅचरीतल्याचा शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापलेला असतो.

१७. भारतातून आई-बाबा आले आहेत. त्यांना परवाना लागतो का? ते फक्त काठी धरणार आहेत.

लागतो. गळ ज्याच्या हातात, परवाना त्याचा. तुमच्या परवान्यावर ते मासा ओढू शकत नाहीत. बहुतेक राज्यांत आणि प्रांतांत एक किंवा काही दिवसांचा परवाना ऑनलाइन मिळतो, त्यासाठी पासपोर्ट जवळ ठेवा. लहान मुलांना बहुधा लागत नाही, पण वयाची अट जागोजागी वेगळी आहे. होडीत एकाने दोन काठ्या टाकण्याबाबतही तसंच. मिनेसोटात उघड्या पाण्यावर एका माणसाला एकच दोरी, बर्फावर दोन. मॅनिटोबात गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबलेला असावा लागतो, आणि हे आई-बाबांच्या काठीलाही लागू आहे. निघण्यापूर्वी घरीच सगळे गळ तपासून घ्या.